ड्रॉवरमधले प्रोग्रॅम आणि १८७०ची भिंत: अमेरिकेतल्या ब्लॅक कुटुंबाचा इतिहास शोधायचा कसा, जपायचा कसा

माझ्या सासूबाईंच्या जेवणघरात एक जुनं कपाट आहे. त्याचा खालचा ड्रॉवर नीट लागत नाही, कारण त्यात फ्युनरल प्रोग्रॅम कोंबलेले आहेत. इथल्या ब्लॅक कुटुंबांत कुणी गेलं की चर्चमधल्या अंत्यविधीसाठी चार-आठ पानांची पुस्तिका छापतात. वर फोटो, आत भजनांचा आणि प्रार्थनांचा क्रम, मधल्या पानावर गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य: जन्म कुठला, आईवडील कोण, शाळा कोणती, चर्चमध्ये कधी आला, नोकरी कुठे केली, आधी कोण गेलं, मागे कोण राहिलं. शेवटच्या पानावर खांदेकऱ्यांची नावं. लग्नानंतर पहिली काही वर्षं मला तो ड्रॉवर अशुभच वाटायचा. आपल्याकडे मयताचं पत्र वाचून झालं की फाडून टाकायची पद्धत.

मग लेकीला शाळेतून वंशवृक्षाचा प्रकल्प मिळाला. माझ्या बाजूचं काम दहा मिनिटांत उरकलं. मिरजेहून बाबांनी कुलवृत्तांताच्या तीन पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, नऊ पिढ्या तयार! नवऱ्याच्या बाजूला पणजोबांपाशी गाडी अडली. नवरा म्हणाला, "त्यांच्या मागे कागदच नाहीत." ते खरं नव्हतं. कागद होते, पण दुसऱ्यांच्या कपाटात, दुसऱ्यांच्या नावाखाली होते. एवढं कळायला मला चार वर्षं लागली.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात डरहॅमला राहतो. आमच्यासारखी घरं आता मराठी मंडळाच्या गणपतीत दोन-चार तरी दिसतात. तिथल्या सुना, जावई आणि नातवंडांच्या प्रश्नांची उत्तरं शोधणारे आजी-आजोबा मला हा शोध कसा घ्यायचा हेच विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. उदाहरणं नॉर्थ कॅरोलायनातली आहेत. दुसऱ्या राज्यात कागदांची नावं थोडी बदलतील, रीत तीच. शब्दाबद्दल एक: आपण मराठीत 'कृष्णवर्णीय' लिहितो, पण माझ्या घरची माणसं स्वतःला ब्लॅक म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

आधी माणसं

कुलवृत्तांत मूळपुरुषापासून सुरू होतो आणि खाली येतो. इथे उलटं चालायचं. स्वतःपासून सुरुवात, एकेक पिढी मागे, आणि मधली पायरी गाळायची नाही. थेट आफ्रिकेत उडी मारायची घाई सगळ्यांना असते. तो मोह आवरा.

घरातलं सगळ्यात वयस्क माणूस गाठा आणि याच महिन्यात गाठा. कागद आणखी दहा वर्षं थांबतील, नव्वदीची आत्याआजी थांबणार नाही. जाताना फोन चार्ज करून न्या, एअरप्लेन मोडवर टाका, रेकॉर्ड करू का ते विचारा आणि सुरुवातीलाच तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं पूर्ण नाव रेकॉर्ड करा. पाऊण तासाच्या वर बसवू नका. आणि थेट नावानं हाक मारू नका. चर्चमधल्या ज्येष्ठ बायकांना नावाआधी 'मिस' लावतात, मग त्या विवाहित असोत, विधवा असोत. मी पहिल्याच भेटीत नुसतं नाव घेतलं, त्यावर सासूबाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला होता.

गुलामगिरीबद्दल पहिला प्रश्न विचारायचा नाही. स्वयंपाकघरापासून सुरू करा. "लहानपणी चुलीसमोर कुठे बसायचात? पाणी कुठून यायचं? रविवारी कोण जेवायला यायचं?" आमच्या आत्याआजींनी पाण्यावरून विहीर सांगितली, विहिरीवरून शेजारी, आणि शेजाऱ्यांवरून जमीन कुणाची होती ते. तो जमीनमालक पुढे फार उपयोगी पडला. टोपणनावं न विसरता लिहा. घरात आयुष्यभर 'बेबी सिस' म्हणून वावरलेल्या बाईचं खरं नाव कित्येकदा तिच्या प्रोग्रॅमवरच पहिल्यांदा कळतं, आणि सरकारी कागदात दोन्हींपैकी कोणतंही असू शकतं.

काही गोष्टींवर गप्प बसणं येईल. कोण कुणाचा बाप, कोण रातोरात गाव सोडून का गेलं. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख ब्लॅक माणसं दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्ककडे गेली. त्यातले सगळे नोकरीसाठी गेले नव्हते. गप्प बसलेल्या माणसाला पुन्हा तोच प्रश्न विचारायचा नाही, तारीख घालून तेवढी नोंद करून ठेवायची.

ड्रॉवर उपसताना

प्रोग्रॅम, कौटुंबिक बायबलची पहिली पानं, चर्चच्या वर्धापनदिनाच्या पुस्तिका, फ्युनरल होमनं वाटलेले पुठ्ठ्याचे पंखे, सैन्यातून सुटल्याचे कागद, शाळेचे फोटो, जमिनीच्या कराच्या पावत्या. सगळं ज्या क्रमानं सापडलं त्याच क्रमानं आधी फोनवर टिपा, मग हलवा. एका पाकिटात दोन फोटो एकत्र असतील तर त्याला कारण असतं.

स्कॅन करताना कागदांना ३०० डीपीआय (स्कॅनची बारकाई) पुरतं, फोटोंना ६०० ठेवा. फोटोच्या मागे पेननं लिहू नका. मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. पोटमाळा आणि तळघर दोन्ही वाईट, इथल्या उन्हाळ्यात पोटमाळ्याची भट्टी होते. आम्लविरहित कागदाची पाकिटं आणि खोकी मिळतात, तेवढा खर्च करा. आणि लॅमिनेशन करू नका! मी केलं. नवऱ्याच्या आजोबांचा प्रोग्रॅम, १९५८चा, कडा फाटायला लागल्या होत्या. चांगलं करायला म्हणून गावातल्या एका दुकानात दिला. उष्णतेनं शाई पसरली आणि त्यांच्या आईचं माहेरचं नाव वाचता येईना. प्लॅस्टिक आता काढताही येत नाही. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं. ते नाव पुढे मृत्यूच्या दाखल्यावर सापडलं, पण त्यात दीड वर्ष गेलं.

एकेक जनगणना मागे

अमेरिकेची जनगणना ७२ वर्षांनी खुली होते. १९५०ची १ एप्रिल २०२२ला खुली झाली, तिथून सुरुवात करा. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खातं फुकट उघडतं, आणि बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत पैसे घेणारी संकेतस्थळंही फुकट बघता येतात.

प्रत्येक जनगणना वेगळं सांगते. १९०० सालची सोन्यासारखी आहे: जन्माचा महिना आणि साल, आईला किती मुलं झाली, किती जिवंत. एका पणजीच्या नावापुढे मी 'अकरा' आणि 'सहा' वाचलं आणि त्या दिवशी पुढे काही शोधलं नाही. १८९०ची जवळजवळ सगळी जनगणना १९२१च्या वॉशिंग्टनमधल्या आगीमुळे गेली, म्हणजे १८८० ते १९०० असं वीस वर्षांचं भगदाड. गुलामगिरी संपल्यावर जन्मलेली पहिली पिढी नेमकी याच काळात मोठी झाली, लग्नं केली, घरं बदलली. ते भगदाड विवाहनोंदी, खरेदीखतं आणि कराच्या याद्यांनी भरावं लागतं.

स्पेलिंगला भुलू नका. लिहून घेणारा गोरा, घाईत, ऐकून लिहिणारा. एकच आडनाव आम्हाला पाच प्रकारे मिळालं. वयही दहा वर्षांत कधी सात वर्षांनी वाढतं, कधी चौदानं. नाव, वय, गाव, शेजारी यांतल्या तीन गोष्टी जुळल्या तर पुढे जा, एकीवर विसंबू नका.

जोडीला मृत्यूचे दाखले. नॉर्थ कॅरोलायनात ते राज्यभर १९१३पासून आहेत, त्यावर आईवडिलांची नावं असतात. म्हणजे १९२०मध्ये गेलेली ऐंशी वर्षांची बाई गुलामगिरीत जन्मलेल्या आपल्या आईचं नाव देऊन जाते. माहिती कुणी दिली तेही खाली असतं. जावयानं दिली असेल तर जरा सांभाळून. सोशल सिक्युरिटीच्या अर्जावरही आईवडील असतात, पण १९३५च्या मूळ कायद्यानं शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, त्यामुळे जुन्या पिढीतल्या कित्येक ब्लॅक माणसांचे अर्ज उशिराचे आहेत. आणि १९१७ सालचं सैन्यभरतीचं कार्ड मिळालं तर त्याचा खालचा डावा कोपरा बघा. माणूस आफ्रिकी वंशाचा असेल तर हा कोपरा फाडा, अशी सूचना कार्डावरच छापलेली होती. आमच्याकडच्या कार्डाचा कोपरा फाटलेला आहे. स्कॅन करताना लेकीला वाटलं मीच फाडलं.

१८७०ची भिंत

इथवर बहुतेक जण पोचतात. १८७०च्या जनगणनेत गुलामगिरीतून सुटलेली माणसं पहिल्यांदा नावानिशी येतात. नातं मात्र लिहिलेलं नसतं, नात्याचा रकाना १८८०ला आला. त्याआधी १८५० आणि १८६०ला गुलामांची वेगळी यादी व्हायची: वर मालकाचं नाव, खाली ओळीनं वय, लिंग, रंग. नाव नाही. १८६० साली असे सुमारे ३९.५ लाख लोक होते. वंशावळ शोधणारे याला 'ब्रिक वॉल' म्हणतात.

(ही १८७०ची मोजणी झाल्यावर तीनच वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपलं पुस्तक गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. आपल्याकडेही कुलवृत्तांत सगळ्यांचे निघाले नाहीत, हे मला इथे बसून जास्त जाणवलं.)

भिंत ओलांडायच्या दोन वाटा आहेत. पहिली, गुलामगिरी संपवणाऱ्या यादवी युद्धानंतरच्या कागदांची, आणि तीच आधी धरा, कारण तिथे माणसं स्वतःच्या तोंडानं बोलतात. फ्रीडमन्स ब्युरो हे सुटलेल्या गुलामांसाठीचं सरकारी खातं १८६५ ते १८७२ चाललं. मजुरीचे करार, शिधावाटप, लग्नं, तक्रारी सगळं त्यात आहे. त्यातली सुमारे १८ लाख नावं स्वयंसेवकांनी शोधण्याजोगी करून २०१६मध्ये फुकट खुली केली. त्याच लोकांसाठीची फ्रीडमन्स बँक १८७४ला बुडाली आणि गरिबांची बचत घेऊन गेली, पण तिच्या खातेदारांच्या नोंदींत आईवडील, भावंडं, जन्मगाव, कधीकधी जुना मालकसुद्धा आहे. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,७९,००० ब्लॅक सैनिक लढले. त्यांच्या विधवांनी पेन्शनसाठी दिलेले जबाब वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि लग्न सिद्ध करायला तिथे शेजाऱ्यांनी वाड्यावरच्या जेवणापासून बाळंतपणापर्यंत सगळं सांगितलेलं सापडतं.

आमचं काम एका वेगळ्याच वहीनं झालं. गुलामांच्या लग्नाला कायद्यात किंमत नव्हती. १८६६ला नॉर्थ कॅरोलायनानं कायदा केला की अशा जोडप्यांनी अधिकाऱ्यापुढे येऊन आपण एकत्र राहतो हे नोंदवावं. फी २५ सेंट. आमच्या जोडप्याची ओळ साधी आहे: त्याचं नाव, तिचं नाव, आणि किती काळ एकत्र? 'चौदा वर्षं'. म्हणजे १८५२. चौदा वर्षांचा संसार, मुलंबाळं झालेली, आणि दोघं उठून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ठिकाणी पंचवीस सेंट घेऊन गेली. ती नावं लेकीनं वहीत लिहिली आहेत, इथे लिहीत नाही. अशा नोंदी काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्स (दस्तनोंदणी) कार्यालयात किंवा रॅलेच्या राज्य अभिलेखागारात बघायला मिळतात.

याच काळातल्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातीही बघा. ताटातूट झालेली माणसं स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं आई, मुलं, भाऊ शोधणाऱ्या जाहिराती देत होती: कुणी कुणाला विकलं, तेव्हा आपण केवढे होतो, आईला काय म्हणायचे. फिलाडेल्फियाचं 'ख्रिश्चन रेकॉर्डर', न्यू ऑर्लिन्सचं 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट' यांत त्या यायच्या आणि पाद्री चर्चमध्ये वाचून दाखवायचे. व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या 'लास्ट सीन' प्रकल्पात त्या नावानं शोधता येतात. आपण ज्याला वंशावळीचा शोध म्हणतो तो या लोकांनी त्यांच्या हयातीतच सुरू केला होता.

दुसरी वाट मालकाच्या घरातून जाते आणि ती अंगावर येते. मालकाचं आडनाव आपल्या आडनावासारखं असेलच असं नाही. काहींनी पहिल्या मालकाचं ठेवलं, काहींनी बापाचं, काहींनी स्वतः निवडलं. म्हणून १८७०च्या पानावर आपल्या माणसांच्या आसपास राहणारे, जमीन असलेले गोरे शेजारी आधी टिपा. आत्याआजींनी सांगितलेला जमीनमालक इथे कामाला आला. मग त्या घरांची मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या, खरेदीखतं. जनगणनेत नाव नाही, पण मालमत्तेच्या यादीत आहे, कारण तिथे किंमत लावायची असते. खेचर, नांगर, गादी आणि मध्ये एका मुलीचं नाव, पुढे डॉलर. पहिल्यांदा एकट्यानं वाचू नका. ग्रीन्सबोरोच्या विद्यापीठानं केलेल्या 'डिजिटल लायब्ररी ऑन अमेरिकन स्लेव्हरी'त अशी खतं, अर्ज, पळालेल्यांच्या जाहिराती फुकट मिळतात.

डरहॅमजवळच स्टॅगव्हिल नावाचा जुना मळा आहे. बेनेहन-कॅमरन घराण्याकडे १८६० साली सुमारे तीस हजार एकर जमीन आणि नऊशेच्या आसपास गुलाम होते; आज ते राज्याचं ऐतिहासिक स्थळ आहे. त्या घराण्याची कागदपत्रं चॅपल हिलच्या विद्यापीठात आहेत, त्यांत कुटुंबवार नावांच्या याद्या आहेत. म्हणजे मोठ्या मालकाकडचे कागद टिकले, छोट्याकडचे बहुधा नाही, हा नशिबाचा भाग. आमची माणसं तिथली नव्हेत, तरी आम्ही गेलो. तिथल्या विटा गुलामांनी थापल्या, आणि ओल्या मातीत उमटलेली बोटं काही विटांवर अजून आहेत. लेकीनं आपली बोटं त्यात ठेवून बघितली. तिच्या मापाची होती.

गाव

घराचा शोध एका मर्यादेनंतर गावाचा होतो. कुटुंबाच्या मागावर असताना चर्च, शाळा आणि दफनभूमी या तीन जागा सोडू नका.

शाळांत 'रोझेनवाल्ड स्कूल' हा शब्द लक्षात ठेवा. ब्लॅक शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन आणि उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या योजनेतून १९१२ ते १९३२मध्ये दक्षिणेत ब्लॅक मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा झाल्या, नॉर्थ कॅरोलायनात सगळ्यात जास्त, आठशेंहून अधिक. गावकऱ्यांनीही पैसा, लाकूड, श्रम घातले. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाकडे या शाळांचे फोटो आहेत.

शहरात जुन्या डिरेक्टऱ्या (नाव-पत्त्यांची पुस्तकं) बघा. दक्षिणेत ब्लॅक रहिवाशांच्या नावापुढे फुली किंवा 'सी' (कलर्ड) हे अक्षर असायचं. अपमानाचीच खूण, आज शोधायला उपयोगी. सॅनबॉर्नचे आगविम्याचे नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर आहेत, त्यात घरनघर दिसतं. डरहॅमची हेटाय ही भरभराटीची ब्लॅक वस्ती. शहर-सुधारणेच्या नावाखाली आणि महामार्गासाठी तिची हजारो कुटुंबं आणि शेकडो दुकानं उठवली गेली. १८९१चं सेंट जोसेफ्स चर्च तेवढं उभं राहिलं, आता तिथे हेटाय हेरिटेज सेंटर आहे. सासूबाईंना गाडीत घालून त्या महामार्गावरून हळू नेलं आणि फोन रेकॉर्डिंगला लावला. "इथे न्हावी. इथे आम्ही चपला घ्यायचो." बाहेर फक्त काँक्रीट.

दफनभूमीत दगड नसला म्हणून थडगं नाही असं समजू नका. लांबट खड्डे, शंख-शिंपले, युक्काची झुडपं, जमिनीवर पसरलेली पेरिविंकलची वेल या थडग्यांच्या खुणा. दगड तारेच्या ब्रशनं किंवा ब्लीचनं घासू नका; पाणी आणि मऊ ब्रश, बस. अक्षरं वाचायला तिरप्या उन्हात फोटो काढा.

जमीन

हा भाग महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, सातबाऱ्यावर वारसनोंद झाली नाही, आणि आता एका तुकड्याचे चाळीस मालक. इथे याला 'एअर्स प्रॉपर्टी' म्हणतात. १९१०च्या सुमारास ब्लॅक शेतकऱ्यांकडे दीड कोटी एकरांहून अधिक जमीन होती. त्यातली बरीचशी गेली, आणि हे एक मोठं कारण. लांबच्या एका भाच्याकडून बिल्डरनं हिस्सा विकत घ्यायचा, वाटणीचा दावा लावायचा, कोर्टाच्या लिलावात सगळी जमीन पडत्या भावात उचलायची. २०१०च्या एका नमुना कायद्यानं उरलेल्या वारसांना आधी हिस्सा विकत घ्यायची संधी आणि योग्य मूल्यांकन देऊ केलं. बऱ्याच राज्यांनी तो स्वीकारला आहे, तुमच्या राज्यात आहे का बघा.

म्हणजे वंशावळ ही नुसती हौस नाही, कोर्टात लागणारा कागद आहे. घरात जमीन असेल तर कर कोण भरतं आणि पावत्या कुठे आहेत ते पहिल्याच भेटीत विचारा, वारसांची यादी करा, आणि वकिलाकडे जा. लेख वाचून जमिनीचं काम करू नका, हाही धरून.

थुंकीची चाचणी

डीएनए चाचणी शेवटी. कागद तयार नसतील तर ती नुसती टक्केवारी देते. गोरे चुलतभाऊ निघतील, त्याची तयारी घरातल्या मोठ्यांची आधी करा. एकाची चाचणी सगळ्या घराची असते आणि कंपन्या विकल्याही जातात, म्हणून न विचारता कुणाच्या वाढदिवसाला तो डबा भेट देऊ नका.

ठेवायचं कुठे

स्कॅनच्या तीन प्रती: एक घरात, एक क्लाउडवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. फाइलला नाव देताना आधी साल, मग माणूस, मग जागा. मूळ कागद वाचनालयाला किंवा विद्यापीठाला द्यायचे असतील तर दानपत्र नीट वाचा. प्रती वापरायचा हक्क घराकडे राहिला पाहिजे. मला विचाराल तर स्कॅन द्या, मूळ बायबल घरातच असू द्या. या घराण्यांचे कागद एकदा दुसऱ्यांच्या कपाटात गेलेच होते.

आणि फॅमिली रियुनियन चुकवू नका. उन्हाळ्यात, एकाच रंगाच्या टी-शर्टात शंभर माणसं जमतात. आम्ही जुलैमध्ये एका लांब टेबलावर ओळख न पटलेल्या फोटोंच्या झेरॉक्स मांडल्या, शेजारी पेन्सिली ठेवल्या, आणि बार्बेक्यूची रांग मुद्दाम त्या टेबलाजवळून वळवली. संध्याकाळपर्यंत चौदापैकी नऊ फोटोंना नावं लागली. एका फोटोतल्या टोपीवाल्या बाईवर मात्र दोन आत्यांचं भांडण झालं. एक म्हणते तिची आई, दुसरी म्हणते चर्चमधली पियानो वाजवणारी. दोन्ही नावं मागे पेन्सिलीनं लिहून ठेवली आहेत, कोण म्हणालं ते आणि तारखेसकट.